गरोदरपण, प्रसूती रजा आणि ऑफिसातला त्रास: कुठला कागद, कधी, कुणाला

माझ्याकडे कागद घेऊन येणाऱ्या बाईची फाइल मी मागून पुढे वाचते. आधी शेवटचा मेल, मग त्याच्या आधीचा. अशी पानं उलटत गेलं की बहुतेक वेळा पहिला मेल सापडतच नाही. गरोदर असल्याचं साहेबांना तोंडी सांगितलेलं असतं, चहाच्या वेळी. अभिनंदन होतं. तीन आठवड्यांनी कामात चुका निघायला लागतात, दोन महिन्यांनी हातात पत्र पडतं, आणि कंपनी सांगते, "गरोदरपणाबद्दल आम्हाला काही माहितीच नव्हती. काम बरोबर नव्हतं म्हणून काढलं."

कायदा बाईच्या बाजूने आहे. प्रकरण फसतं ते तारखांवर. आधी राजीनामा, मग रडारड, मग वकील आणि सगळ्यात शेवटी कागद, अशा उलट्या क्रमाने गोष्टी होतात. खालचे टप्पे खाजगी कंपन्या, कारखाने, दुकानं, शाळा, दवाखाने यांत काम करणाऱ्यांसाठी आहेत. सरकारी नोकरीत असाल तर तुमचे सेवानियम वेगळे, ते पाहा.

## टप्पा १: तुम्ही कुठल्या चौकटीत बसता ते आधी ठरवा

१९६१ चा प्रसूती लाभ कायदा आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावला आहे आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. कलमांचे आकडे बदलले, हक्कांचा गाभा तोच राहिला. अर्जात नव्या संहितेचा उल्लेख करा. एचआरने जुन्याच कायद्याचं नाव घेतलं तर त्यावरून वाद घालत बसू नका.

तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा.

पहिला, अपेक्षित प्रसूतीच्या तारखेआधीच्या १२ महिन्यांत या मालकाकडे किमान ८० दिवस काम झालंय का? भरपगारी सुट्ट्याही यात धरल्या जातात. "अजून वर्ष झालं नाही, रजा मिळणार नाही" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही. वर्षाची अट कायद्यात नाही.

दुसरा, सॅलरी स्लिपवर ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची, कपात आहे का? दरमहा २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांची ती साधारणपणे असते. तसं असेल तर रजेचे पैसे कंपनीऐवजी कर्मचारी राज्य विमा महामंडळ देतं. त्यासाठी लगतच्या दोन (सहा-सहा महिन्यांच्या) वर्गणी कालावधींत मिळून किमान ७० दिवसांची वर्गणी लागते. पैशांचा दावा महामंडळाच्या शाखेत करायचा. छळाची किंवा कामावरून काढल्याची तक्रार मात्र कंपनीविरुद्धच राहते.

तिसरा, तुम्ही कायम आहात की कंत्राटी? कंत्राटी किंवा रोजंदारीवर असाल म्हणून मागे हटू नका. दिल्ली महानगरपालिकेच्या हजेरीपटावरच्या महिला कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच रोजंदारीवरच्या बायकांना हा हक्क आहे असं सांगितलं. २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितलं की, पात्रता पूर्ण केलेल्या बाईचं कंत्राट रजेच्या मध्येच संपलं तरी तिला पूर्ण लाभ द्यावा लागतो.

तपासून घ्या: कारखाने या चौकटीत येतात. दुकानं आणि इतर आस्थापनांना १० किंवा जास्त माणसं लागतात. ऑफिसात आठच जण दिसतात, पण कंपनीच्या आणखी दोन शाखा आहेत, अशा वेळी स्वतःच्या मनाने "आपण बसत नाही" असं ठरवून टाकू नका. कामगार कार्यालयात विचारा.

## टप्पा २: सांगण्याआधीची फाइल

हा टप्पा जवळपास सगळ्या जणी गाळतात. बातमी आनंदाची असते, तेव्हा फाइल कोण करतंय! पण ती फुटायच्या आधीचे कागद पुढे फार कामाला येतात, कारण "आधी" आणि "नंतर" यांतला फरक त्यांच्यातूनच दिसतो.

गोळा करायचे कागद: नेमणुकीचं पत्र आणि करार, मागच्या किमान सहा महिन्यांच्या सॅलरी स्लिपा, बँकेचं पगाराचं स्टेटमेंट, शेवटची दोन अप्रेझल (कामगिरीची मूल्यमापनं), कौतुकाचे मेल, हजेरीची नोंद, कंपनीचं रजेचं धोरण. सोनोग्राफीचा पहिला रिपोर्ट आणि डॉक्टरांनी लिहिलेली अपेक्षित तारीख यांच्या प्रती वेगळ्या ठेवा.

पगाराच्या स्लिपांवर एवढा जोर का, तर रजेचा पगार ठरतो तो रजेवर जाण्याआधीच्या तीन कॅलेंडर महिन्यांच्या सरासरी रोजंदारीवर. त्रास द्यायचा एक शांत मार्ग इथेच असतो. रजेच्या आधी शिफ्ट बदलतात, भत्ता बंद करतात, "तात्पुरती" पगारकपात करतात. बाईला वाटतं, जाऊ दे, तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे. पण त्या तीन महिन्यांवर पुढच्या २६ आठवड्यांचा हिशोब बसतो. असा बदल झाला की त्याच आठवड्यात लेखी कारण विचारा.

सावध: ऑफिसच्या लॅपटॉपवरून सगळं उचलून स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका. स्वतःची स्लिप किंवा स्वतःचं अप्रेझल ठीक. ग्राहकांची यादी, इतरांचे पगार, प्रकल्पाच्या फाइली यांना हातही लावू नका. गंभीर गैरवर्तन हे एक कारण असं आहे की त्यावरून मालक लेखी आदेश काढून प्रसूती लाभच नाकारू शकतो. ते कारण आपल्या हाताने द्यायचं नाही.

## टप्पा ३: लेखी सूचना

तोंडी सांगायचं असेल तर जरूर सांगा, साहेब चांगले असतील तर सांगायलाच हवं. फक्त त्याच दिवशी मेलही जाऊ द्या. व्हॉट्सॲपवर नको. मेल साहेबांना, एचआरला, आणि प्रत स्वतःच्या खाजगी पत्त्यावर. मजकूर साधा ठेवा:

"विषय: गरोदरपणाची माहिती व प्रसूती रजेची सूचना.
मी गरोदर असून डॉक्टरांच्या प्रमाणपत्रानुसार अपेक्षित प्रसूतीची तारीख २० ऑगस्ट आहे. प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. मी २५ जूनपासून प्रसूती रजेवर जाणार आहे. या काळात मी अन्य कोणत्याही आस्थापनेत काम करणार नाही. प्रसूती लाभाची रक्कम माझ्या पगाराच्या खात्यात जमा करावी. माझ्या अनुपस्थितीत रक्कम स्वीकारण्यासाठी नामनिर्देशित व्यक्ती: (नाव, नाते). कृपया ही सूचना मिळाल्याचे कळवावे."

तारखा कशा काढायच्या? एकूण रजा २६ आठवडे, म्हणजे १८२ दिवस, रविवार-सुट्ट्या धरून. त्यातले प्रसूतीच्या तारखेआधी जास्तीत जास्त आठ आठवडे, म्हणजे ५६ दिवस. वरच्या उदाहरणात २५ जून ते १९ ऑगस्ट हे ते ५६ दिवस, आणि रजेचा शेवटचा दिवस २३ डिसेंबर. आधी दोन किंवा जास्त हयात मुलं असतील तर रजा १२ आठवडे, त्यातले जास्तीत जास्त सहा आठवडे आधी घेता येतात. बाळ दत्तक घेणाऱ्या आईला, आणि सरोगसीतून बाळ मिळालेल्या कमिशनिंग आईला (जिचं बीज वापरून दुसऱ्या बाईच्या पोटी बाळ वाढलं तिला), बाळ हातात आल्यापासून १२ आठवडे.

सूचना द्यायची राहून गेली आणि बाळ आलं तरी हक्क जात नाही. प्रसूतीनंतर शक्य तितक्या लवकर द्या. पण पुरावा म्हणून बघितलं तर उशिरा दिलेली सूचना फार कमजोर.

आणि हो, कंपनी प्रसूतीपूर्व आणि प्रसूतीनंतरची वैद्यकीय सोय मोफत देत नसेल तर ३,५०० रुपयांचा वैद्यकीय बोनसही मिळतो. रक्कम छोटी म्हणून कोणी मागत नाही. मागा.

तपासून घ्या: दोन दिवसांत पोच आली नाही तर तोच मेल पुन्हा पाठवून वर लिहा, "खालील सूचनेची पोच मिळालेली नाही." कंपनीत मेलची पद्धत नसेल तर पत्राच्या दोन प्रती काढा आणि एकीवर सही-शिक्का घ्या. सही द्यायला टाळाटाळ झाली तर पोचपावतीसह स्पीड पोस्ट करा.

## टप्पा ४: नोंदवही

सूचना गेल्यानंतर ज्या दिवशी वागणूक बदलेल, त्या दिवसापासून लिहायला लागा. साधी वही पुरते. मी तर वहीच बरी म्हणते, कारण रोजच्या तारखेने, वेगवेगळ्या शाईने लिहिलेली वही एका बैठकीत बनवता येत नाही.

निरुपयोगी नोंद: "साहेब आज पुन्हा वाईट बोलले. खूप अपमान झाला."

उपयोगी नोंद: "मंगळवार, १२ मे, सकाळी ११.२०, टीम मीटिंग. साहेब म्हणाले, 'हिला आता मोठं काम देऊन उपयोग नाही, ही सहा महिने गायब होणार.' समोर टीममधले चौघे (नावं). त्यानंतर माझ्याकडचा ग्राहक दुसऱ्याकडे दिल्याचा मेल दुपारी ३.०५ ला आला."

दुसऱ्या नोंदीत तोंडची वाक्यं जशीच्या तशी आहेत, साक्षीदार आहेत, आणि वाक्याला जोडलेली कृती आहे. नुसतं बोलणं "गंमत होती" म्हणून झटकता येतं. त्याच दिवशी काम काढून घेतलं तर ते झटकणं अवघड.

कुठल्या गोष्टी नोंदवायच्या? काम काढून घेणं, मीटिंगमधून वगळणं, बढतीच्या यादीतून नाव गळणं, तपासणीच्या दिवसाची रजा नाकारणं, मुद्दाम दूरच्या जागी किंवा रात्रीच्या शिफ्टला टाकणं, उभ्याने करायच्या कामावर लावणं. शेवटच्या बाबतीत कायद्यात वेगळी सोय आहे. अपेक्षित प्रसूतीआधीच्या सहा आठवड्यांच्याही आधीचा जो एक महिना, त्यात बाईने विनंती केली तर तिला अवघड श्रमाचं किंवा तासन् तास उभं राहण्याचं काम देता येत नाही. विनंती लेखी करा.

व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट काढा, पण मूळ चॅट पुसू नका आणि फोन विकू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, आणि नुसत्या स्क्रीनशॉटवर समोरचा वकील पहिला हल्ला करतो.

## टप्पा ५: तोंडी गोष्ट कागदावर आणणारा मेल

त्रास देणारा माणूस सहसा लिहीत नाही, बोलतो. म्हणून त्याचं बोलणं तुम्ही लिहायचं. त्याच संध्याकाळी, चार ओळींत, रागाचा एकही शब्द न घालता:

"आज सकाळच्या मीटिंगमध्ये आपण सांगितले की माझ्या रजेमुळे अमुक काम दुसऱ्याकडे देण्यात येत आहे. मी २५ जूनपर्यंत कामावर आहे व ते काम करू शकते. निर्णयाचे कारण कृपया कळवावे."

उत्तर आलं तर ते तुमच्या फाइलीत. उत्तर आलं नाही तर गप्प बसल्याचीही नोंद झाली. "आपण मला छळत आहात", "मी कोर्टात खेचीन" असली वाक्यं या मेलमध्ये नकोत. ती वाचून समोरचा सावध होतो आणि पुढचा मेल वकिलाकडून लिहून घेतो.

अचानक कामगिरी-सुधारणा योजना, म्हणजे पीआयपी, हातात ठेवली तर? "मिळाली" एवढीच सही करा, शेजारी तारीख घाला, आणि "मजकूर मान्य नाही, उत्तर स्वतंत्रपणे देत आहे" असं स्वतःच्या हाताने लिहा. मग उत्तरात फक्त तारखा मांडा: शेवटचं चांगलं अप्रेझल अमुक तारखेचं, गरोदरपणाची सूचना अमुक तारखेची, पीआयपी अमुक तारखेची. मध्ये एकही लेखी तक्रार नाही. टप्पा २ मधली फाइल इथे बोलायला लागते.

सावध: काम मात्र चोख करा. आजारपणामुळे जमत नसेल तर प्रमाणपत्र देऊन रजा घ्या. गरोदरपण, प्रसूती, अकाली जन्म किंवा गर्भपात यांतून उद्भवलेल्या आजारासाठी जास्तीत जास्त एक महिन्याची जादा रजा कायद्यात आहे. गर्भपात झाल्यास सहा आठवड्यांची भरपगारी रजा वेगळी.

## टप्पा ६: बंद खोली आणि तयार राजीनामा

हे दृश्य मी इतक्या जणींकडून ऐकलंय की खोलीही ओळखीची वाटते. शुक्रवार, साडेपाच. छोटी मीटिंग रूम, एसी जोरात. समोर एचआर आणि साहेब. टेबलावर पाण्याचा ग्लास आणि छापील राजीनामा, तारखेची जागा कोरी. आवाज गोड: "तुझ्याच भल्यासाठी सांगतोय. टर्मिनेशन लागलं तर पुढे नोकरी मिळणार नाही. सही कर, दोन महिन्यांचा पगार देतो, बाळ झाल्यावर परत ये."

एका बाईने सही केली आणि वर म्हणे "थँक्यू सर" असंही लिहिलं. त्या दोन शब्दांनी प्रकरणाची जी वाट लावली, ती दहा साक्षीदारांनाही सरळ करता आली नसती.

गरोदरपण किंवा प्रसूतीमुळे बाई रजेवर असताना तिला काढणं, रजेत संपेल अशी नोटीस देणं, किंवा सेवाशर्ती तिच्या तोट्याच्या करणं बेकायदेशीर आहे. जुन्या कायद्याचं कलम १२, नव्या संहितेचं कलम ६८. रजेवर जाण्याआधी गरोदरपणात काढून टाकलं तरी ज्या लाभाला ती पात्र ठरली असती तो बुडत नाही, वर सांगितलेल्या गंभीर गैरवर्तनाचा अपवाद सोडून. हे एचआरला माहीत असतं, म्हणूनच त्यांना तुमची सही हवी असते. राजीनामा दिला की "काढलं" हा शब्दच उरत नाही.

त्या खोलीत म्हणायचं एकच वाक्य पाठ करून ठेवा: "मला हे घरी वाचायचं आहे, मेल करा." आणि उठा. दार कोणी अडवणार नाही. अडवलंच तर तीही नोंद.

सही होऊनच गेली असेल तर रविवारची वाट पाहू नका. त्याच रात्री मेल करा: आजच्या बैठकीत तयार मजकुरावर दबावाखाली सही घेतली गेली, मी स्वेच्छेने राजीनामा दिलेला नाही, तो मागे घेत आहे, सोमवारी नेहमीप्रमाणे कामावर हजर राहीन. आणि सोमवारी खरंच हजर राहा. गेटवर अडवलं तर तिथूनच वेळ घालून मेल. फुल अँड फायनलचे, म्हणजे नोकरी संपल्यावरच्या अखेरच्या हिशोबाचे, पैसे खात्यात आले तर "हक्क राखून स्वीकारत आहे" असं लगेच कळवा.

## टप्पा ७: रजेत

इथे थोडक्यात. प्रसूतीआधीच्या काळाची रक्कम गरोदरपणाचा पुरावा दिल्यावर आगाऊ मिळायला हवी, आणि उरलेली प्रसूतीचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत. तेव्हा दवाखान्याचं कार्ड मिळालं की घरच्या कुणाला तरी फोटो मेल करायला सांगा. प्रसूतीनंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत तुम्हाला कामाला लावणंच कायद्याने मना आहे, मग "फक्त एक कॉल जॉइन कर" यालाही नाही म्हणा. आणि रजेत दुसरीकडे कामाला जाऊ नका, अगदी मैत्रिणीच्या क्लासवरही. त्या काळाचा लाभ जप्त होतो.

## टप्पा ८: परतताना

परतायच्या दोन आठवडे आधी मेल करा: अमुक तारखेला रुजू होत आहे, माझं पद, विभाग आणि पगार पूर्वीप्रमाणे असल्याचं कळवावं. खुर्चीवर दुसरं कोणी बसलंय हे रुजू होण्याच्या दिवशी कळण्यापेक्षा आधी कागदावर कळलेलं बरं.

बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या विश्रांतीव्यतिरिक्त दूध पाजण्यासाठी दिवसात दोन वेळा सुटी मिळते. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय बंधनकारक आहे, आणि दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. घरून काम मात्र हक्क म्हणून मिळत नाही. कामाचं स्वरूप तसं असेल आणि दोन्ही बाजूंचं पटलं तरच. पुष्कळ जणी घरून कामावर भांडून दमतात आणि पाळणाघराचा विषय काढायचं विसरतात.

## टप्पा ९: तक्रार, कुठे आणि कोणत्या क्रमाने

आधी कंपनीत लेखी तक्रार, उत्तरासाठी सात दिवस. सात दिवस ही माझी सवय आहे, कायद्याची अट नाही. कामावरून काढलं असेल तर तेवढंही थांबू नका.

मग जिल्ह्याचं कामगार कार्यालय. पैसे अडवले किंवा रजेच्या कारणावरून काढलं, तर तिथल्या निरीक्षकाकडे तक्रार करता येते. तो चौकशी करून रक्कम देण्याचा आदेश काढू शकतो. काढल्याचा किंवा लाभ नाकारल्याचा आदेश हातात पडल्यापासून ६० दिवसांत सक्षम प्राधिकाऱ्याकडे अपील करायचं असतं. ही तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. बाळंतपणात ६० दिवस कसे जातात ते कळतही नाही.

शरीरावरून अश्लील शेरे, नको तो स्पर्श, लैंगिक सूचना असं काही असेल तर तो विषय वेगळा. ती तक्रार कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखाली कंपनीच्या अंतर्गत समितीकडे, घटनेपासून तीन महिन्यांत. दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. दोन्ही विषय एकाच अर्जात कोंबू नका, दोन्हीकडून "हे आमच्याकडे नाही" ऐकावं लागतं.

राज्य महिला आयोगाकडे अर्ज केला की कंपनी हलते, हे खरं. पण आयोगाकडे अर्ज पडून आहे म्हणून ६० दिवसांची मुदत थांबत नाही.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार महिलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. हेल्पलाइन १५१००.

जाताना सगळ्यात वर एकच पान ठेवा: डावीकडे तारीख, उजवीकडे घटना, एक ओळ एका घटनेला, आणि शेजारी जोडलेल्या कागदाचा क्रमांक. समोरच्या अधिकाऱ्याकडे दहा मिनिटं असतात. तो ते पान वाचतो, मग बोट ठेवून विचारतो, "ही सूचना दिली त्याची पोच कुठाय?" तेव्हा क्रमांक १ चा कागद काढून द्यायचा.